तिसऱ्या पट्टीचा हिरवा रंग

भूमिका घराला कुलूप लावून निघाली की जिन्यावरून एकदा तरी परत येते. कुलूप ओढून बघते, दाराला नाक लावून गॅसचा वास येतोय का ते हुंगते आणि मग खाली उतरते. रोह्याला कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की उजव्या हाताला जी तीन मजली इमारत आहे, तिच्यात ती राहते आणि अख्ख्या इमारतीला तिची ही सवय माहीत आहे. तिचा नवरा हितेश कंपनीत शिफ्टला जातो. तो म्हणतो, आमच्याकडे चोर यायची भीती नाही, हीच एक दिवस ओढून ओढून कुलूप तोडेल.

गंमत अशी, की याच स्वभावाचे तिला पैसे मिळतात. पेणमधल्या एका छोट्या कंपनीसाठी ती मोबाईलची अ‍ॅप लिहिते. आठवड्यातून दोन दिवस पेणला ऑफिसात, बाकीचे दिवस अष्टमीतल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. अ‍ॅप लिहिणाऱ्याला दिवसभर एकच काळजी करायची असते, की इथे जी माहिती यायला हवी ती आलीच नाही तर काय? माहितीचा डबा उघडला आणि आत काहीच नसलं, तर अ‍ॅप तिथल्या तिथे मान टाकतं. त्या रिकामपणाला त्यांच्यात नल म्हणतात. हल्लीच्या भाषांमध्ये त्यावर एक पहारा बसवलेला असतो. कुठला डबा रिकामा असू शकतो हे आधीच सांगावं लागतं, आणि तसा डबा असला की रिकामा निघाला तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय पहारेकरी पुढे जाऊ देत नाही. यालाच नल सेफ्टी म्हणतात. बाकीची मंडळी त्या पहारेकऱ्यावर वैतागतात. भूमिकेला मात्र तो पहिल्या दिवसापासून घरचा माणूस वाटला.

घरचा वाटायला कारणही होतं. तिचं माहेर पाटखार, गडबवरून आत खाडीच्या अंगाला. गावाची जमीन खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आणि मध्ये मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खारं पाणी एकदा आत आलं, की ती जमीन दोन-तीन वर्षं काही देत नाही. खेकड्याचं एक बीळसुद्धा पुरतं. पाणी त्यातून बोटभर येतं, मग हातभर येतं आणि तासाभरात बांधाला खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो. म्हणून उधाणाच्या दिवशी पाणी चढायच्या आधी चार माणसं बांधाचे चार भाग चालून बघतात. घरटी पाळी असते. साडेअकरापर्यंत माणसं परत येतात आणि आपापलं फावडं समाजमंदिराच्या भिंतीवर खुंटीला लावतात. चार भाग, चार खुंट्या.

आता यात एक गोष्ट बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. परत आलेला माणूस बांध ठीक आहे असं कधीच बोलत नाही. तसं बोललेलं खाडी ऐकते, अशी समजूत. बोलला आणि त्याच उधाणात बांध गेला, अशा दोन-तीन हकिकती म्हातारी माणसं नावानिशी सांगतात. त्यामुळे पाळीवाला येतो, पाय धुतो, फावडं खुंटीला लावतो आणि घरी जातो. कुणी विचारत नाही, तो सांगत नाही. भूमिका लहान असताना तिची आई पुतळीबाई चुलीपाशी बसून तिला पिटाळायची, जा गो, खुंट्या बघून ये. ती धावत जायची, चार फावडी मोजायची आणि धावत परत यायची. बाबांची पाळी असली की ती चार मोजून झाल्यावर तिसऱ्या खुंटीचं फावडं हाताने चाचपून बघायची. कुलूप ओढायची सवय तिथली आहे, हितेशला कितीही वाटो की ती लग्नानंतर लागली.

बाबा, म्हणजे नाथा, मिठागरात काम केलेला माणूस. मिठाने पाय असे झालेले की काटा टोचला तरी कळत नाही. बोलणं मोजकं. लेक कॉम्प्युटर शिकणार म्हटल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की त्यासाठी पेणला रोज जावं लागेल का. जावं लागेल म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो तिला सायकलवर गडबच्या स्टॉपपर्यंत सोडायला लागला. तीन वर्षं सोडलं. वाटेत दोघं काही बोलायची नाहीत.

गेल्या वर्षी गावाने जुनं समाजमंदिर पाडून नवीन बांधलं. आत-बाहेर गुळगुळीत टाईल. आता त्या भिंतीत खुंटी ठोकायची म्हणजे टाईल तडकणार. बांध कमिटीचे गुणाजीकाका, ज्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही, त्यांनीच भूमिकेला सुचवलं, की अर्धा गाव नागोठण्याला नाहीतर पेणला कामावर असतो, त्यांना खुंट्या कुठे दिसतात? तू मोबाईलवर काय ते कर. भूमिकेला इतका आनंद झाला की तिने पुरते पंधरा दिवसही घेतले नाहीत. बांधाच्या चार भागांच्या चार आडव्या पट्ट्या, प्रत्येकीवर पाळीवाल्याचं नाव. पाळीवाल्याने बांधावरून फिरताना बटण दाबायचं. ठीक, पाझर, खांड. ठीकला पट्टी हिरवी, पाझरला पिवळी, खांडीला लाल आणि लाल झालं की सगळ्यांचे फोन एकदम वाजणार. गावातल्या चाळीस-एक फोनांत ते गेलं.

ज्येष्ठातल्या पौर्णिमेला पहिली परीक्षा झाली आणि अ‍ॅप साफ आपटलं. समाजमंदिरात सगळ्यांनी कौतुकाने फोन काढले आणि सगळ्यांचं अ‍ॅप एकदमच बंद पडलं. झालं होतं असं, की चारही माणसं फिरून आली आणि एकानेही बटण दाबलं नाही. ठीक हे बटण दाबणं म्हणजे ठीक आहे असं बोलणंच की. भूमिकेने लिहिताना पहारेकऱ्याला शब्द दिला होता, की हा डबा रिकामा असणारच नाही, मी सांगते ना. असा शब्द देता येतो, त्याची सोय असते. तिने दिला होता आणि तोही कुणी, तर चार खुंट्यांच्या गावच्या मुलीने. गुणाजीकाका म्हणाले, खाडीच्या आधी तुझ्या अ‍ॅपलाच खांड पडली गो. सगळे हसले, तीही हसली आणि अष्टमीला परत येईपर्यंत तिचे कान लाल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते दुरुस्त केलं. एकच ओळ बदलायची होती. डबा रिकामा निघाला तर ठीक समज, असं तिने लिहिलं. आपल्याकडे माणूस गप्प असतो तेव्हा बांध ठीकच असतो, हे तिला जन्मापासून माहीत होतं. पहारेकऱ्याची काही तक्रार राहिली नाही. एकही इशारा नाही, एकही चूक नाही. पुढच्या अमावास्येला चारही पट्ट्या हिरव्यागार झाल्या, कुणाला काही बोलावं लागलं नाही आणि दाबावंही लागलं नाही. पुतळीबाईने शेजारणींना बोलावून दाखवलं. धोंडुबाई म्हणून एक एकटी म्हातारी आहे, तिचं शेत नाथाच्या शेताला लागून, अगदी बांधाच्या पायथ्याशी. तिने फोन डोळ्यांशी नेऊन बराच वेळ हिरवा रंग बघितला आणि म्हणाली, बरं झालं बाय, आता पाय दुखतात, समाजमंदिरापर्यंत जावत नाय.

महिनाभर सगळे खूश होते. भूमिकाही होती. नेहमी सगळ्यात जास्त घाबरणारी बाई महिनाभर निवांत झोपली आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं नाही, इथेच पाणी मुरत होतं.

आषाढातली अमावास्या आली. उधाण मोठं होतं, पूर्ण भरती एक वाजून वीस मिनिटांनी. गटारीचा दिवस असल्यामुळे पाटखारमध्ये घरोघर मटण शिजत होतं. तिसऱ्या भागाची पाळी नाथाची होती. तिसरा भाग म्हणजे उघाडीचा. शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडायचे दरवाजे असतात त्यांना उघाडी म्हणतात आणि बांध सगळ्यात कच्चा असतो तो तिथेच.

भूमिका अष्टमीत घरीच कामाला बसली होती. हितेश पहिल्या शिफ्टला गेला होता. ऑफिसात प्रणित नावाचा तिच्या बरोबरीचा एक जण आहे, त्याने लिहिलेलं तिला तपासायचं होतं. मधुमेहाच्या रुग्णांचं अ‍ॅप होतं. रुग्णाने घरी साखर मोजायची आणि आकडा भरायचा. ज्या दिवशी आकडा आलाच नाही, तिथे प्रणितने शून्य धरलं होतं. भूमिकेने फोन लावून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आकडा नाही आला म्हणजे साखर शून्य झाली का? त्याने मोजली नसेल, यंत्र बिघडलं असेल, तो पडला असेल. काही नाही कळलं आणि सगळं बरं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की नाहीत? अ‍ॅप बंद पडलं असतं तर निदान कुणाला तरी शंका आली असती. तू तर तोंडच दाबून टाकलंस त्याचं.

प्रणित बिचारा बरं म्हणाला. भूमिकेने फोन ठेवला, पाणी प्यायला उठली आणि हातात पेला तसाच धरून उभी राहिली.

तिने मोबाईल उघडला. बारा वाजून सहा मिनिटं. चारही पट्ट्या हिरव्या. तिसऱ्या पट्टीवर बाबांचं नाव, हिरवं. लॅपटॉपवर तिने त्यामागच्या मूळ नोंदी उघडल्या, ज्या गावात कुणाला दिसत नाहीत. चार ओळी होत्या. चारही रिकाम्या. कुणीतरी तीन माणसं फिरून आली असतील आणि रीतीप्रमाणे गप्प बसली असतील. चौघंही आली असतील. नाहीतर एक जण आलाच नसेल. चारही रिकामे डबे सारखेच दिसत होते आणि त्यांच्यावर हिरवा रंग तिने स्वतःच्या हाताने फासलेला होता.

तिने बाबांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला, परत वाजली. मग आईला लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला, मागे खोबरं भाजल्याचा आवाज येत होता.

भूमिकेने विचारलं, "बाबा आले का?"

"येतील की. बसले असतील गुणाजीकडे."

"साडेअकराला यायला हवे होते ना गो आई."

"तू कशाला जीव टाकतेस?" पुतळीबाई म्हणाली. "मोबाईलवर हिरवं हाय ना."

आई लेकीच्याच शब्दांवर विश्वास ठेवून खोबरं भाजत होती. भूमिकेने फोन ठेवला आणि गुणाजीकाकांना लावला. लावताना तिचा अंगठा दोनदा चुकीच्या नावावर पडला. खरं सांगायचं तर त्या दोन सेकंदांत तिच्या मनात हेही येऊन गेलं, की नुसतं बाबा दिसले का एवढंच विचारावं, अ‍ॅपचं नंतर बघू. ज्येष्ठातलं हसणं ती विसरली नव्हती. पण काकांनीही फोनच बघितला असता आणि हिरवं आहे म्हणून सांगितलं असतं.

ती म्हणाली, "काका, ते हिरवं खोटं हाय. ते मी भरलंय. बांधावरनं काहीच आलेलं नाय."

गुणाजीकाकांनी विचारलं, "कुठला भाग?"

"चारही. बाकीचे तिघं गावात दिसले असतील तुम्हाला. बाबा दिसले का?"

त्यांनी फोन बंद केला नाही. भूमिकेला त्यांची पावलं ऐकू आली, मग त्यांचा आवाज कुणाला तरी हाका मारणारा आणि मग देवळाची घंटा. नेहमीच्या पूजेची नव्हे, थांबतच नव्हती ती. त्यानंतर फोन तुटला.

ती स्कूटर काढून निघाली. कुलूप लावलं की नाही हे तिला आजतागायत आठवत नाही. अष्टमीहून गडबपर्यंत सुकं असताना पाऊण तास, पावसात तास. रस्त्यावर खड्डे पाण्याने भरलेले, कुठला किती खोल कळत नव्हतं. पाऊस डोळ्यांत जात होता आणि ती मनात हिशेब मांडत होती. भरती एक वीसला. पाणी बांधाला लागतं अकराला. बाबा अकराला उघाडीपाशी असणार. अकरा ते बारा सहा. त्या तासाभरात चाळीस फोन गावात हिरवे होते. एकाने जरी खुंटी बघितली असती. पण खुंटीच नव्हती, तिथे टाईल होती, आणि टाईल फोडून खुंट्या कशाला ठोकता, अ‍ॅप आहे ना, असं म्हणणाऱ्यांत ती स्वतः होती.

नागोठण्याला ती थांबली. पुलाखाली अंबा तुडुंब भरून चालली होती. तिने दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून आईला फोन लावला. कुणी उचलला नाही. गुणाजीकाकांनाही लावला, बाबांनाही लावला. कुणीच उचलत नव्हतं. आता सगळे बांधावर असतील म्हणून उचलत नाहीत, की उचलून काय सांगायचं असं झालंय म्हणून उचलत नाहीत? हीसुद्धा रिकामीच नोंद, आणि आता तिला तिच्यात काहीच भरायचा धीर होईना. दुकानदाराने विचारलं, ताई, बसता का जरा? तिने मान हलवली आणि परत स्कूटरला किक मारली.

गावात ती पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. घरं उघडी, चुली पेटलेल्या, माणूस एकही नाही. स्कूटर देवळापाशी टाकून ती चपला हातात घेऊन शेतांच्या कडेने पळाली. लांबूनच तिला उघाडीपाशी माणसांची रांग दिसली. पोती हातोहात जात होती, पेंढा जात होता, चिखलाचे गोळे जात होते. आई पदर खोचून रांगेत होती. बांधाच्या आतल्या अंगाला, भाताची गुडघाभर रोपं होती तिथे, पिवळट पाणी पसरलं होतं.

नाथा बांधाच्या उतारावर बसला होता. कमरेपर्यंत चिखल, उजवा पाय वेडावाकडा लांब केलेला, ओठ काळेनिळे. पण बसला होता, डोळे उघडे होते. भूमिका त्याच्यापुढे चिखलात बसली आणि तिने त्याचा हात नुसता चाचपून बघितला.

काय झालं ते तिला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. अकराच्या सुमाराला त्याला उघाडीच्या बाजूला खेकड्याचं बीळ दिसलं. पाणी यायला लागलं होतं. बटण बीळ बुजवून झाल्यावर दाबू म्हणून सदरा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी त्याने उघाडीच्या खांबाला टांगली आणि पोत्यात पेंढा भरून तो बीळ बुजवायला उतरला. बुजवता बुजवता वरची माती खचली, पाय मांडीपर्यंत आत गेला आणि वाकडा होऊन अडकला. मग त्याने पाठ लावून पोतं दाबून धरलं. पाठ काढली असती तर पाणी आत घुसलं असतं आणि फोन होता वीस पावलांवर.

"वाजत होता," नाथा म्हणाला. "तुझाच असंल असं वाटलं."

भूमिकेला रडू फुटलं. त्याने तिला रडू दिलं. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी घाबरलो नव्हतो. साडेअकरा झाले की खुंटी रिकामी दिसंल आणि गाव येईल, असं मनात धरून बसलेलो. मंग बारा झाले तरी कोण येईना. तेवा घाबरलो."

यात टोमणा नव्हता. त्याने जे झालं तेच सांगितलं. त्या गडबडीत खुंट्या आता नाहीत हे तो विसरला होता. पंचावन्न वर्षांची सवय, ती टाईल लावल्याने जात नाही.

बांध वाचला. भरती पूर्ण व्हायच्या दहा मिनिटं आधी गळती थांबली. पण तोवर आत आलेलं पाणी दोन शेतांत बसलं होतं. एक नाथाचं, दुसरं धोंडुबाईचं. म्हातारी काठी टेकत आली होती आणि आपल्या रोपांकडे बघत उभी होती. भूमिका तिच्यापाशी गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तरी बोलायलाच हवं होतं.

"काकी, माझी चूक झाली."

धोंडुबाईने कनवटीची पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. पट्टी अजून हिरवी होती. "मी सारखी बघत होते गो," ती म्हणाली. "सकाळपासनं हिरवंच होतं."

नाथाला पेणच्या दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. त्या संध्याकाळी भूमिका अष्टमीला गेली नाही. हितेश शिफ्ट सुटल्यावर थेट पेणला आला, त्याने ऐकून घेतलं आणि कुलुपावरून चिडवायचं तेवढं कायमचं सोडून दिलं. अ‍ॅप काढून टाकावं असं तिच्या मनात होतं. गुणाजीकाका नको म्हणाले. ते म्हणाले, खुंट्यांऐवजी मोबाईल मी सुचवला, हिरवं तू केलंस, आता दोघं मिळून निस्तरू. त्यांनी मिस्त्री आणून समाजमंदिराच्या भिंतीत चार खुंट्या बसवल्या. दोन टाईल तडकल्या. त्या तशाच आहेत.

भूमिकेने ती एक ओळ खोडली. आता नोंद नसली की पट्टी राखाडी दिसते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, माहीत नाही. ठीक हे बटण तिने काढूनच टाकलं. त्या जागी नवीन बटण आहे, फावडं खुंटीला. ते दाबायला कुणाची हरकत नव्हती. त्यात बांधाबद्दल एक अक्षर नाही, खाडीला ऐकण्यासारखं काही नाही. माणूस परत आला, एवढंच. साडेअकरापर्यंत पट्टी राखाडी राहिली तर सगळे फोन वाजतात.

पंधरा दिवसांनी नारळी पौर्णिमा आली. नाथाचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून घरची पाळी पुतळीबाईने घेतली. आतापर्यंत पाळीला बाई गेलेली नव्हती. गुणाजीकाकांनी जरा कुरकुर केली, मग गप्प बसले. भूमिकेची पेणला मीटिंग होती, ती सोडता आली नाही. साडेदहापासून तिचं लक्ष टेबलाखालच्या फोनवर होतं. पहिली पट्टी बदलली, मग चौथी, मग दुसरी. अकरा तीस झाले आणि तिसरी राखाडीच राहिली. तिचा फोन वाजला, तिकडे गावात चाळीस वाजले असतील. ती मीटिंगमधून उठून बाहेर आली. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. तिने बाबांना लावला.

"बाबा, तिसरी."

"बघितली. फोन ठेव, मला ओटीवर जाऊ दे."

तिने ठेवला नाही. त्यानेही बंद केला नाही, तसाच खिशात टाकला असावा. तिला काठीची टकटक ऐकू आली आणि मग दारावरून जाणारी पावलं. एक, दोन, मग पुष्कळ. कुणीतरी धोंडुबाईला, तू राहा, असं म्हणालं आणि धोंडुबाई त्याला काहीतरी खडसावून बोलली. भूमिका पेणच्या ऑफिसच्या जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि राखाडी पट्टीकडे बघत राहिली. आई आत्ता कशी आहे हे तिला माहीत नव्हतं आणि पट्टीवरही तेच लिहिलेलं होतं.

अकरा एक्केचाळीसला पट्टी बदलली.

दहा मिनिटांनी पुतळीबाईचाच फोन आला आणि तिने लेकीला फाडून खाल्लं. झालं होतं एवढंच, की पाळी संपवून ती उघाडीपाशी खाडीला नारळ द्यायला थांबली. नारळ काही पुढे जाईना, लाटेबरोबर सारखा बांधाला येऊन लागत होता. असा परत आलेला नारळ सोडून कसं निघायचं? तो वाहून जाईपर्यंत ती थांबली, वाऱ्यात फोन काही ऐकू आला नाही आणि मागे वळून बघते तर बावीस माणसं फावडी घेऊन चिखल तुडवत पळत येताहेत. नवी सून असल्यासारखी लाज वाटली मला, पुतळीबाई म्हणाली. सगळ्यांची तोंडं बघवेनात. एका नारळापायी गाव पळवलास तू.

भूमिका ऐकत होती. मध्येच तिने नाक ओढलं, ते आईला कळलं.

"आता रडायला काय झालं गो?"

"काय नाय," भूमिका म्हणाली. "किती माणसं आली म्हणालीस?"

"बावीस."

"परत सांग."